गिरिभ्रमण : प्रवेशाधिकार व शिष्टाचार

डोंगरमाथे, घाटवाटा, किल्ले व अरण्यप्रदेश यांमधून आनंद, अभ्यास अथवा व्यायाम या हेतूंनी पायी केलेला प्रवास म्हणजे गिरिभ्रमण होय. दोर, खिळे इ. साधनांच्या आधारे कडे चढण्याचे तंत्र म्हणजे गिर्यारोहण. ते यात अभिप्रेत नाही [⟶ गिर्यारोहण]. हिमप्रदेशात हिवाळ्यात पायांना लांब फळ्या बांधून, तयार घसरमार्ग सोडून निर्जन उतारांवरून जो प्रवास केला जातो, त्या स्कीभ्रमणाचे व आपल्याकडील गिरिभ्रमणाचे प्रश्न मात्र बरेचसे सारखे आहेत. दोहोंतही प्रवासी दुसऱ्याच्या किंवा सर्वांच्या मालकीच्या भूमीवरून जातो. तेथे त्याला जाण्याचा अधिकार आहे काय आणि असल्यास त्याने तेथे कसे वागावे, हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. महाराष्ट्रात या प्रश्नांची चर्चा बहुधा पुणे, ठाणे, नासिक व रायगड जिल्ह्यांतील किल्ल्यांच्या संदर्भात होते. प्रस्तुत नोंदीत खानदेश, विशेषतः पाचोरा तालुक्याच्या दक्षिणेस पसरलेली अजिंठा-सातमाळा डोंगररांग हे उदाहरण मुख्यतः घेतले आहे. कारण राखीव वन, अभयारण्य, संरक्षित लेणी, किल्ले, गायराने, देवस्थाने व खाजगी शेती हे भूमीचे सर्व प्रकार येथे एका दिवसाच्या चालीत भेटतात.

भूप्रदेश : मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील पाचोरा स्थानकावर उतरणाऱ्यास दक्षिण क्षितिजावर एक सलग, सपाट माथ्याची डोंगररांग दिसते. दख्खनच्या पठाराची ही उत्तरेकडील कड होय. काळ्या पाषाणाचे आडवे थर, त्यांमधून उभे तुटलेले कडे व कड्यांना छेदून उत्तरेस गिरणा, वाघूर इ. नद्यांकडे धावणारे नाले, अशी तिची रचना आहे. वाघूर नदी याच रांगेत उगम पावते व अजिंठ्याची लेणी तिच्याच नालाकृती वळणावर कोरलेली आहेत. वन शुष्क पानझडी प्रकारचे असून अंजन, धावडा, सालई, खैर, पळस, चारोळी, सीताफळ ही झाडे सर्वत्र आढळतात. फेब्रुवारीनंतर पाने गळून डोंगर उघडे पडतात, पाणवठे आटतात व एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४५° से.च्या आसपास जाते. म्हणून या भागातील भ्रमणाचा योग्य हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा समजावा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

या रांगेत पूर्वेस अजिंठा, मध्ये सोयगाव तालुक्यातील वेताळवाडी, जंजाळा (वैशागड) व सुतोंडा (नायगावचा किल्ला) हे दुर्ग, जंजाळ्याजवळील घटोत्कच लेणी, पश्चिमेस कन्नड तालुक्यातील अंतुर किल्ला व पितळखोरे लेणी आणि चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवी ही प्रमुख स्थळे आहेत. पाचोऱ्याहून बनोटीमार्गे सुतोंड्याचा पायथा गाठता येतो. किल्ल्यावर खडक फोडून काढलेला प्रवेशमार्ग व पाण्याची अनेक खोदीव टाकी आहेत. अजिंठ्याकडे जाण्याचा एक जुना मार्गही पाचोऱ्याहूनच निघत असे. पाचोरा-जामनेर या अरुंदमापी लोहमार्गाने पहूरपर्यंत व तेथून सडकेने फर्दापूरला प्रवासी जात. ही गाडी २०२० पासून बंद झाली.

पूर्वपीठिका : घाटवाटेने कोणी जावे आणि कोणाच्या परवानगीने जावे, हा या डोंगरांतील नवा प्रश्न नव्हे. खानदेशातून दख्खनच्या पठारावर चढणाऱ्या वाटा व्यापाराच्या व लष्करी हालचालींच्या दृष्टीने महत्त्वाच्या होत्या. अंतुर किल्ल्याच्या परिसरात फार्सी लेख कोरलेला एक दिशादर्शक दगडी स्तंभ उभा आहे व कोणती वाट कोणीकडे जाते हे त्यावर नोंदलेले आहे. वाटसरूस मार्ग दाखविणे हे राज्यकर्त्याचे काम समजले जात असे, याचा तो बोलका पुरावा होय. प्रत्यक्ष घाटांची राखण मात्र डोंगरात राहणाऱ्या भिल्लांकडे असे. वाटसरूंना सुखरूप पार करून देण्याच्या बदल्यात त्यांना ठराविक हक्क मिळत आणि गावोगावी जागल्याचे कामही त्यांच्याकडेच असे. पेशवाईच्या अखेरीस हे हक्क बुडाले आणि राखणदारच लुटारू म्हणून ओळखले जाऊ लागले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर प्रथम बळाचा वापर झाला. तो पुरेसा फलदायी होईना, तेव्हा १८२५ मध्ये भिल्ल एजन्सींची स्थापना करण्यात आली. त्यांपैकी दक्षिणेकडील एजन्सीचे ठाणे कन्नड येथे होते. त्याच वर्षी जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारण्यास प्रारंभ केला. चाळीसगाव व कन्नड यांना जोडणाऱ्या घाटास त्याचेच नाव मिळाले. ज्यांच्या परवानगीवाचून पूर्वी कोणी घाट चढत नसे, त्यांच्या नावाने मात्र एकही घाट ओळखला जात नाही.

१८७८ च्या भारतीय वन अधिनियमानंतर डोंगरउतार मोठ्या प्रमाणावर राखीव करण्यात आले. चराई, सरपण, गवत, मोह व डिंक यांवर जगणाऱ्यांचा पिढीजात वावर एकाएकी 'सवलत' ठरला. शिवाय या भागात मुंबई इलाखा व निजामाचे हैदराबाद संस्थान यांची हद्द लागत असल्याने एकाच रांगेत दोन राज्यांचे नियम चालत. आजही हीच रांग जळगाव व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) या दोन जिल्ह्यांत विभागलेली असून परवानगीसाठी कोणाकडे जावे, याबद्दल नवख्याचा गोंधळ होतो.

शहरी सुशिक्षितांचे हौशी गिरिभ्रमण महाराष्ट्रात विसाव्या शतकात रुजले. १९५४ मध्ये दार्जिलिंग येथे हिमालयन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली व त्याच सुमारास मुंबईत 'गिरिविहार' सारख्या संस्था उदयास आल्या. गो. नी. दांडेकर यांच्या दुर्गविषयक लेखनाने या छंदाला मराठी वाचकांत प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि डोंगर सामूहिकपणे चढण्याची परंपरा याहून पुष्कळ जुनी आहे, हे विसरता कामा नये. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या अस्तंबा शिखरावर (उंची सु. १,३२५ मी.) दिवाळीच्या सुमारास, धनत्रयोदशीपासून, हजारो आदिवासी तरुण पायी चढतात. कपाळावरील जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा तेथे वास करतो, अशी श्रद्धा आहे. रात्रीची चाल, एकमेकांस सांभाळून नेण्याची रीत व शिखराविषयी बाळगावयाचा आदर हे सर्व तेथे कोणत्याही छापील नियमावलीवाचून पाळले जाते. पाटणादेवीच्या चंडिकेची चैत्र व आश्विनातील यात्रा हेही असेच दुसरे उदाहरण होय.

कायदेशीर स्थिती : 'जंगल सरकारचे, म्हणजे सर्वांचे, तेव्हा तेथे जाण्यास कोणाची आडकाठी असणार?' असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. भारतीय कायद्यात डोंगरात वा रानात मुक्तपणे हिंडण्याचा सर्वसामान्य अधिकार कोठेही मान्य केलेला नाही. भूमी सार्वजनिक असणे व ती सर्वांस खुली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि प्रत्येक प्रकारच्या भूमीस वेगळा कायदा लागू होतो.

गावच्या वाटांपुरती स्थिती सोपी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, पाऊलवाटा, नदी-नाले इ. शासनाच्या मालकीचे आहेत. गावनकाशावर गाडीवाट दुहेरी व पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने दाखविलेली असते; अशा नोंदलेल्या वाटेने कोणासही जाता येते. शेताच्या बांधावरून जाण्याचा हक्क त्याहून मर्यादित आहे. तो मुख्यतः शेतकऱ्यास आपल्या शेतात पोहोचण्यासाठी असून त्याविषयीची चौकशी तहसीलदार करतो. हौशी प्रवाशास तो हक्क सांगता येत नाही; मालकाच्या संमतीनेच त्याने बांधावरून जावे. गायरान ही गावाच्या सामाईक उपयोगाची जमीन असल्याने तेथून जाण्यास सहसा हरकत घेतली जात नाही. परंतु तेथे तंबू ठोकून राहण्याचा हक्क त्यातून निर्माण होत नाही.

वनांच्या बाबतीत भारतीय वन अधिनियम, १९२७ हा मूलभूत कायदा आहे. त्यातील राखीव वन व संरक्षित वन या दोन संज्ञांमधील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. संरक्षित वनात जे स्पष्टपणे मना केलेले नाही ते करता येते; उलट राखीव वनात ज्यास स्पष्ट परवानगी आहे तेवढेच करता येते. राखीव वनात विनापरवाना शिरणे हाच गुन्हा होतो, मग प्रवेशकाने पानही तोडलेले नसो. अजिंठा रांगेतील वनांत जाऊ इच्छिणाऱ्याने म्हणून प्रथम संबंधित वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे चौकशी करणे इष्ट असते. व्यवहारात किल्ल्याच्या रूढ वाटेने दिवसा जाऊन परतणाऱ्यास वनरक्षक क्वचितच अडवितो. पण ही त्याची उदारता असते, प्रवाशाचा हक्क नव्हे.

अभयारण्यात बंधने अधिक कडक आहेत. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. सु. २६० चौ. किमी. क्षेत्राच्या या अभयारण्यात कन्नड व चाळीसगाव तालुक्यांतील डोंगर येतात. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार कर्तव्यावरील लोकसेवक, राहण्याची परवानगी असलेले रहिवासी, तेथे स्थावर मालमत्तेचा हक्क असलेले लोक व सार्वजनिक हमरस्त्याने पार जाणारे प्रवासी एवढ्यांनाच परवान्यावाचून प्रवेश आहे. इतरांना कलम २८ खाली परवाना घ्यावा लागतो व तो वन्य जीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन किंवा रहिवाशांशी वैध व्यवहार यांसाठी देता येतो. पर्यटन हा परवान्याचा मान्य हेतू असल्याने पाटणादेवी परिसरातील केदारकुंड, धवलतीर्थ या धबधब्यांकडे वा डोंगरावरून पितळखोऱ्याकडे जाणाऱ्या प्रवाशास कायदा प्रतिकूल नाही. फक्त त्याने ठरलेल्या नाक्यावरून, ठरलेल्या वेळी व शुल्क भरून जावे लागते. प्राण्यांना त्रास देणे, अभयारण्यात कचरा टाकणे, वणवा लावणे किंवा लागू शकेल असा जाळ मागे सोडणे व परवानगीशिवाय शस्त्र नेणे ही कृत्ये याच अधिनियमाने निषिद्ध केली आहेत. या नियमांचे कारण पुस्तकी नाही. बिबट्याचा येथे नित्य वावर असून २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक नर वाघ थेट गौताळ्यात येऊन पोहोचला होता. सातपुड्यातील यावल अभयारण्यासही (स्थापना १९६९) हेच नियम लागू आहेत.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ याने या चित्रात महत्त्वाचा बदल केला. ज्या गावाचा सामूहिक वनसंसाधनावरील हक्क मान्य झाला आहे, तेथे त्या वनाचे रक्षण व संवर्धन करण्याचा अधिकार ग्रामसभेस मिळतो. इतकेच नव्हे, तर त्या वनातील प्रवेशाचे नियमन करण्याचा व वन्य जीव, वन आणि जैवविविधता यांना बाधक ठरणारी कृत्ये थांबविण्याचा अधिकारही कलम ५ ने तिला दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे या हक्कांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. सातपुड्यातील पावरा, भिल्ल, तडवी इ. जमातींच्या गावांत जाणाऱ्या भ्रमणकर्त्याने ही गोष्ट नीट समजून घ्यावी. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांचा काही भाग व नंदुरबार-धुळे जिल्ह्यांतील डोंगराळ तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि तेथे ग्रामसभांना १९९६ च्या पंचायतविषयक कायद्यानेही विशेष अधिकार आहेत. केवळ वनखात्याचा परवाना खिशात आहे म्हणून गावास विचारण्याची गरज नाही, असे म्हणणे आता कायद्यासही धरून होणार नाही.

प्राचीन वास्तूंचा तिसरा कायदा आहे. अजिंठा, पितळखोरे व घटोत्कच ही लेणी केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असून त्यांना १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम लागू आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम आहे. केंद्रीय स्मारके, वेगळी वेळ जाहीर केलेली नसल्यास, सूर्योदय ते सूर्यास्त खुली असतात. तेव्हा लेण्यात मुक्काम करणे किंवा चूल पेटविणे यांना वाव नाही. स्मारकास इजा करणाऱ्यास २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भिंतीवर नाव कोरणाऱ्या हौशी मंडळींना हे ठाऊक नसावे. अजिंठ्यास खाजगी वाहने फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवून पुढे विशेष बसगाड्यांनी प्रवासी नेण्याची पद्धत आहे. प्रारंभी कुरकुर झालेला हा निर्बंध आज सर्वांनी स्वीकारलेला दिसतो.

थोडक्यात, अशा एका डोंगरी किल्ल्यावर जाताना पायथ्याशी महसूल खाते, उतारावर वनखाते व माथ्यावर पुरातत्त्व खाते अशी तीन राज्ये ओलांडावी लागतात. याखेरीज धोक्याच्या दिवसांत जिल्हाधिकारी मनाईहुकूम काढू शकतो (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली). जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरण परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर पुणे जिल्ह्यात असे हुकूम निघाले. सरसकट बंदी हा प्रशासनाचा सोपा मार्ग असून त्यात जबाबदार व बेजबाबदार असा भेद राहत नाही, ही गिरिभ्रमण संस्थांची तक्रार रास्त आहे. तथापि दुर्घटना घडल्यावर दरीत उतरून प्रेत वर काढण्याचे काम ज्या गावकऱ्यांना व बचाव पथकांना करावे लागते, त्यांच्या बाजूने पाहिल्यास बंदीचा आग्रहही अगदीच अनाठायी वाटत नाही. संस्थांनी चालविलेल्या व्यावसायिक सहलींसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. नोंदणी, प्रशिक्षित नेते व सुरक्षिततेची साधने यांवर त्यात भर आहे.

इतर देशांतील स्थिती : स्वीडन व नॉर्वे या देशांत दुसऱ्याच्या पडीक भूमीवरून पायी वा स्कीवरून जाण्याचा सर्वांचा हक्क परंपरेने मान्य आहे. नॉर्वेने १९५७ मध्ये त्यास कायद्याचे रूप दिले व स्वीडनने १९९४ मध्ये त्याचा उल्लेख आपल्या संविधानात केला. या हक्काची दुसरी बाजू अशी की, घरालगतच्या आवारात शिरू नये, पीक तुडवू नये व काहीही नासवू नये, हे बंधन तितकेच पवित्र मानले जाते. स्वित्झर्लंडच्या नागरी संहितेनुसार वने व कुरणे सर्वांस खुली आहेत. मात्र हिवाळ्यात वन्य पशूंना उसंत मिळावी म्हणून तेथे निश्चित केलेली शांतताक्षेत्रे स्कीकरांनी टाळावयाची असतात. ऑस्ट्रियाच्या १९७५ च्या वन कायद्याने विरंगुळ्यासाठी वनप्रवेश सर्वांना दिला. पण दोरवाटांच्या परिसरातील वनात आखलेल्या मार्गांव्यतिरिक्त स्कीवरून उतरण्यास बंदी केली. इंग्लंडमध्ये हा हक्क झगडून मिळवावा लागला. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील कामगार किंडर स्काउट या जमीनदारी माळावर सामुदायिक रीत्या घुसले व काहींना तुरुंगवास घडला. खुल्या डोंगरमाळांवर पायी जाण्याचा कायदेशीर हक्क तेथे २००० मध्ये मिळाला. स्कॉटलंडने २००३ मध्ये त्याहून व्यापक हक्क दिला.

स्कीभ्रमणाचे अलिखित आचारही येथे उल्लेखनीय आहेत. चढणाऱ्यांनी बर्फात पाडलेली स्कीची चाकोरी बुटांनी तुडवून मोडू नये. खाली माणसे असताना वरच्या उतारावर उतरून हिमलोट सुटण्याचा धोका निर्माण करू नये. हिमलोटात गाडलेल्यास शोधण्याचे यंत्र प्रत्येकाजवळ असावे आणि अपघात दिसल्यास आपली सहल सोडून मदतीस धावावे. भारतात गुलमर्ग व औली येथे स्की खेळाच्या सोयी आहेत. आपल्याकडील उंच पर्वतप्रदेशात मात्र प्रवेशाचा प्रश्न निराळ्या तऱ्हेने पुढे आला. नंदादेवीच्या अंतर्भागात मोहिमांनी केलेला कचरा व वृक्षतोड यांमुळे तो प्रदेश १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला व १९८३ मध्ये गिर्यारोहकांस बंद करण्यात आला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने उंचावरील बुग्याल कुरणांत रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. वाईट वर्तनाची किंमत वाईट वागणाऱ्यांनाच द्यावी लागते असे नाही. पुढच्या पिढ्यांनाही द्यावी लागते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

भ्रमणाचा आचार : खानदेशातील डोंगरांत पाळावयाच्या आचाराचा पहिला भाग माणसांविषयीचा आहे. पायथ्याच्या गावात पोहोचताच राम राम करून पोलीस पाटील, सरपंच किंवा पारावर बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना आपण कोण, किती जण, कोठे जाणार व केव्हा परतणार हे सांगण्याची चाल चांगली आहे. यात सौजन्य आहेच. शिवाय सायंकाळपर्यंत मंडळी न परतल्यास शोध घेणारे कोणी तरी राहते. वाटाड्या घेतल्यास त्याच्या दिवसाच्या मजुरीहून कमी मोबदला देऊ नये आणि मोबदला आधीच ठरवावा. गुरे राखणारे पोर फुकट वाट दाखविते, म्हणून त्याच्या पाठीवर सामान लादणाऱ्या सहली पाहावयास मिळतात. ही रीत निंद्य होय. बंजारा तांड्यातील किंवा भिल्ल वस्तीतील स्त्रियांची छायाचित्रे न विचारता घेणे, मोळी वाहणाऱ्या स्त्रीस अरुंद वाटेवर बाजूला व्हावयास लावणे हेही तसेच. अरुंद वाटेवर ओझे वाहणाऱ्यास व चढणाऱ्यास प्रथम जाऊ द्यावे, हा संकेत जगभर एकच आहे.

शेतीच्या दृष्टीने आणखी काळजी घ्यावी लागते. कपाशी, ज्वारी वा मक्याच्या उभ्या पिकातून आडवाट काढू नये. काटेरी झापे उघडले असल्यास पूर्ववत लावावे. उघड्या झाप्यातून शिरलेली गुरे एका रात्रीत वर्षाचे पीक फस्त करतात आणि त्याची भरपाई कोणी देत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास डोंगरउतारावर पिकणारी सीताफळे, उन्हाळ्यातील चारोळी व मोहफुले ही रानात वाऱ्यावर पडलेली दिसली, तरी ती वेचणाऱ्या कुटुंबांची ती वर्षाची कमाई असते. चवीपुरते एखादे फळ कोणी नाकारणार नाही. पिशव्या भरून नेणे ही मात्र चोरीच होय. शेंदूर लावलेला दगड, वाघदेव, वेताळ यांच्या स्थानी पादत्राणे काढावीत. आपली श्रद्धा असो वा नसो, स्थान दुसऱ्याचे आहे एवढे पुरे.

पाण्याविषयीचा संकेत किल्ल्यांवर फार महत्त्वाचा आहे. सुतोंड्यासारख्या किल्ल्यावरील खोदीव टाकी पावसाच्या साठ्यावर भरतात आणि उन्हाळ्यात गुराखी, गुरे व वन्य प्राणी यांना तेवढाच आधार असतो. पिण्याच्या टाक्यात उतरणे, भांडी घासणे किंवा साबण लावणे सर्वथा वर्ज्य समजावे. पाणी काढून घेऊन दूर वापरावे. सायंकाळी पाणवठ्याजवळ मुक्काम ठोकल्यास प्राणी रात्रभर तहानलेले राहतात, ही गोष्ट तंबू ठोकणाऱ्यास दिसत नाही.

अग्नी हा या शुष्क वनाचा सर्वांत मोठा शत्रू होय. दिवाळीनंतर गवत वाळू लागते व फेब्रुवारी ते मे या काळात एक जळती काडी संपूर्ण उतार पेटविण्यास पुरते. वणव्यात झाडांची रोपे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी व गावाचे वैरणीचे गवत एकदमच नष्ट होते. म्हणून शेकोटी टाळावी, शिजविलेले अन्न बरोबर न्यावे आणि धूम्रपान तर करूच नये. धुराचा दुसरा धोका आग्यामोहोळांचा आहे. कड्यांच्या व लेण्यांच्या कपारींत ही पोळी असतात. धूर, उग्र अत्तरे, आरडाओरडा वा दगड मारणे यांनी माशा चवताळतात. त्या उठल्यास हातवारे न करता, तोंड झाकून त्या जागेपासून शक्य तितके दूर जावे. महाराष्ट्रातील किल्ल्यांवर अशा हल्ल्यांत माणसे दगावलेली आहेत. फुरशासारखे विषारी साप दगडांखाली आढळत असल्याने दगड उलथणे, अंधारात अनवाणी हिंडणे टाळावे. दंश झाल्यास चिरा देणे, विष चोखणे असले उपचार न करता रुग्णास हालचाल न करू देता प्रतिसर्पविष मिळणाऱ्या रुग्णालयात तातडीने न्यावे.

सुरक्षिततेचा विचार हाही शिष्टाचाराचाच भाग आहे. कारण एकाच्या निष्काळजीपणाचा भार इतरांवर पडतो. गट लहान असावा. पुढे वाट जाणणारा व मागे अनुभवी अशी माणसे ठेवून सर्वांत मंद चालणाऱ्याच्या गतीने चालावे. दगड निसटल्यास खालच्यांना तत्काळ हाक द्यावी. पावसाळ्यात कोरडा दिसणारा नाला माथ्यावरच्या सरीने घटकाभरात दुथडी वाहतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला व चाळीसगाव परिसरात डोंगरी व तितूर नद्यांना महापूर आला. त्या पावसाचा उगम याच डोंगरांत होता. पूर आलेला नाला ओलांडू नये, उलट तो उतरेपर्यंत थांबावे. राज्यातील अनेक गिर्यारोहण संस्थांची बचाव पथके असून त्यांच्यात समन्वय साधण्यासाठी एक मध्यवर्ती केंद्रही कार्यरत आहे. पण अजिंठा रांगेत कोठूनही पथक पोहोचेपर्यंत पहिले काही तास पायथ्याच्या गावकऱ्यांवरच भिस्त असते. जुलै २०२३ मध्ये इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा नाते उलट झाले. ज्या वाडीत चहापाणी घेऊन पिढ्यान्‌पिढ्यांचे भ्रमणकर्ते गड चढले होते, तिच्या शोधकार्यात प्रशिक्षित गिरिभ्रमण पथके प्रथम पोहोचणाऱ्यांत होती.

कचऱ्याविषयी फारसे सांगण्याजोगे नाही : जे वर नेले ते सर्व खाली आणावे. फळांच्या साली व उरलेले अन्न 'कुजून जाईल' म्हणून टाकण्याची सवय मात्र सोडावयास हवी. त्यामुळे माकडे माणसांच्या पिशव्यांवर झडप घालण्यास शिकतात व पुढे तीच गावच्या पिकांत उतरतात. लेण्यांत प्रखर झोतदिव्याने छायाचित्रे घेऊ नयेत, चित्रांना व शिल्पांना हात लावू नये. ध्वनिवर्धकावर गाणी लावून डोंगर चढण्याची नवी रूढी वन्य प्राण्यांना जितकी जाचक, तितकीच दुसऱ्या प्रवाशांनाही. उडत्या कॅमेऱ्यांचा वापर अभयारण्यात व संरक्षित स्मारकांजवळ परवानगीवाचून करता येत नाही.

मार्गावरील दगडांवर रंगाने बाण काढण्याबाबत मतभेद आहेत. वाट चुकून कड्यावर अडकणाऱ्यांची संख्या बाणांमुळे कमी होते, असे एक मत; तर रंगामुळे वास्तूंचे विद्रूपीकरण होते आणि वाटाड्याची रोजीही बुडते, असे दुसरे. पुरातत्त्वीय अवशेषांवर रंग लावण्यास कायद्यानेच मनाई असल्याने तेथे प्रश्नच उरत नाही; वनातील वाटांवर वनखात्याच्या संमतीने साधे, काढता येण्याजोगे दिशाफलक लावणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग दिसतो. अंतुरच्या स्तंभाची योजना करणाऱ्यांनी मजकूर कोरण्यासाठी किल्ल्याची भिंत न निवडता वाटेवर स्वतंत्र दगड उभा केला होता.